भंगारवाल्याच्या आधी आमच्याकडे या

कुणी शेंगा फोडता फोडता ऐकत असेल, कुणी शिलाई मशीनवर बसली असेल. मागच्या बाजारी दोघी-तिघींनी आम्हाला वाटेत अडवून विचारलं, "तुमचं ते जुन्या भांड्यांचं दुकान अजून चालू आहे का गं?" चालू आहे. पण त्या विचारण्यात जी शंका होती ती खोटी नव्हती. दुकान दोनदा बंद पडता पडता राहिलंय आणि तिसरी वेळ आत्ता समोर उभी आहे. म्हणून आज रेडिओवर तेच सांगायचं ठरवलं, हिशेबासकट.

आम्ही म्हणजे चार बचत गटांच्या बेचाळीस बायका. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, दुष्काळी पट्ट्यातलं आमचं बाजारगाव. पेठेच्या मागच्या गल्लीत एका जुन्या वाड्याचा पुढचा खण आणि मागचा सोपा आम्ही भाड्यानं घेतलाय. पुढं दुकान. तिथं पितळी डबे, तांब्याचे बंब, फिरकीचे तांबे, अडकित्ते, पंचपाळी, कंदील, लाकडी परात, रवी, पाटा-वरवंटा असं सगळं असतं. मागच्या सोप्यात एक जातं बसवलंय, भिंतीला फळा आहे, आणि वाकळा शिवायला सतरंजी अंथरलेली असते. दुकान बाजाराच्या दिवशी आणि शनिवारी उघडतो. सोपा गुरुवारीही उघडा असतो.

हे सुरू कसं झालं? २०२० सालात टाळेबंदीनंतर बऱ्याच घरात रोख पैसा उरला नव्हता. तेव्हा भंगाराची गाडी गल्लोगल्ली फिरायला लागली. बायका माळ्यावरची भांडी काढून किलोवर देत होत्या. आमच्या गटातल्या एका आक्कांनी सहा किलोचं पितळी घंगाळ दिलं. किलोला अडीचशे प्रमाणं दीड हजार आले, त्यात औषधं आली, विषय संपला. वर्षभरानं त्या लेकीकडं जाताना गाडी हायवेच्या एका हॉटेलावर चहाला थांबली. दारात घंगाळ, त्यात पाणी, पाण्यावर झेंडूची फुलं. आक्कांनी वाकून काठ बघितला. टिंबाटिंबानं घातलेलं नाव त्यांचंच होतं, आणि तेही माहेरचं. लग्नात मामानं दिलेलं ते भांडं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आम्ही बैठकीत ऐकली तेव्हा सगळ्याच गप्प झालो. मग एकीनं विचारलं, आपलं माहेरचं नाव आता कुठं कुठं लिहिलेलं आहे? रेशनकार्डावर सासरचं. आधारावर सासरचं. सातबाऱ्यावर तर बहुतेकींचं कुठलंच नाही. राहिलं ते फक्त भांड्यावर, आणि भांडं निघालं मोडीत. घरी जाऊन जिनं तिनं आपापल्या माळ्यावर चढून भांडी उलटी करून बघितली. दुसऱ्या दिवशी निम्म्या गटाची कंबर धरली होती.

त्या बैठकीत दुकानाची कल्पना निघाली. आता आमच्या चुका ऐका, कारण त्या चांगल्याच महाग पडल्यात.

पहिली चूक म्हणजे आम्ही माल विकत घेतला. गटातून साठ हजार कर्ज काढलं, महिना एक टक्का व्याजानं, आणि दिसेल ते घेत सुटलो. कुणाची घमेली, कुणाचे फुटक्या बुडाचे हंडे. बाई ओळखीची आहे, नाही कसं म्हणायचं? आठ महिन्यांत विक्री झाली चौदा हजारांची. महिन्याला सहाशे रुपये व्याज चालूच. बैठकीत एक वहिनी सरळ म्हणाल्या, "भंगारवाला शहाणा. त्यो सांच्याला माल विकून मोकळा हुतो. आपून माळाच बदललाय निसता, त्येंच्या घरातला हितं आणलाय." इतिवृत्तात हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

दुसरी चूक हसण्यासारखी आहे. सगळी भांडी आम्ही चिंच-मीठ लावून सोन्यासारखी घासली. पुण्याहून आलेल्या एक गिऱ्हाईक बाई हातात तांब्या घेऊन म्हणाल्या, "अहो, जुनेपण घासून टाकलंत की!" तेव्हापासून धूळ पुसायची, हिरवा गंज काढायचा आणि थांबायचं. घासणं ज्याचं त्याच्या घरी.

मग रीत बदलली. आता वस्तू आम्ही विकत घेत नाही, विक्रीसाठी ठेवून घेतो. वस्तू तिचीच राहते. वहीत तिचं नाव, वस्तूचं वजन, काठावर काय कोरलंय ते आणि तिनं सांगितलेली किंमत लिहितो, मोबाईलवर फोटो काढतो, तिला पावती देतो. विकली गेली की शंभरातले ऐंशी तिचे, वीस दुकानाचे. मन बदललं तर पावती दाखवून वस्तू परत न्यायची, एक पैसा लागत नाही. पडून राहिलेला माल हळूहळू खपला आणि त्या साठ हजारांचा शेवटचा हप्ता गेल्या फाल्गुनात फिटला.

पण यात एक भोक होतं, आणि ते आमच्या लक्षात फार वाईट रीतीनं आलं. एका शनिवारी शेजारच्या वाडीवरची एक बाई पितळी बंब डोक्यावर घेऊन आली. घरचं माणूस दवाखान्यात होतं. आम्ही तिला मोठ्या उत्साहानं समजावलं, मावशी, ठेवून जा, चांगलं गिऱ्हाईक आलं की तिप्पट पैसे मिळतील. ती म्हणाली, "बाई, मला आजच पायजेत." ती कुठल्या गटात नव्हती, त्यामुळं अंतर्गत कर्ज देता येईना. पेटीत त्या दिवशी होते तीनशे चाळीस रुपये. तिनं बंब पुन्हा डोक्यावर घेतला आणि खालच्या आळीला भंगाराची गाडी उभी होती तिकडं गेली. आम्ही दारातनं बघत उभ्या. तिच्यासाठी काढलेलं दुकान तिच्याच उपयोगाचं नव्हतं.

त्यानंतर प्रत्येकीनं एकदाच शंभर रुपये काढले. बेचाळीसशे झाले. अशी अडचण घेऊन बाई आली तर भंगाराच्या भावापेक्षा किलोला पन्नास रुपये जास्त देऊन वस्तू घेतो, पण तीन महिने विकायला काढत नाही. तेवढ्या मुदतीत ती आली तर त्याच किमतीला परत. व्याज घेत नाही. घेतलं तर ती सावकारी होईल, आणि महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो, २०१४ चा कायदा आहे तसा. आत्तापर्यंत अशा अकरा वस्तू आल्या, चार परत गेल्या. चार थोड्या वाटतील, पण ज्या दिवशी एखादी आपली कळशी परत न्यायला येते त्या दिवशी दुकानात चहा होतोच.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर नीट ऐका, कारण असं दुकान कुणालाही काढावंसं वाटेल. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. त्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, नाणं, चित्र, कोरीव लेख, कलाकुसरीची वस्तू ही पुरावशेष धरली जाते, आणि तिचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व विभागाचा परवाना लागतो. महत्त्वाच्या हस्तलिखितांना तर पंचाहत्तरच वर्षं. आमच्याकडं परवाना नाही. त्यामुळं मूर्ती, पोथ्या, जुनी नाणी आम्ही हात न लावता परत पाठवतो. देव्हाऱ्यातले टाक तर वय न विचारताच. ते काही कायद्यानं नव्हे, आमच्या जिवाला बरं वाटत नाही म्हणून. शेतात, घराच्या पायात काही सापडलं तर ते दुकानात आणायचं नाही, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. त्याचा कायदा १८७८ पासूनचा आहे. हरणाचं शिंग, हस्तिदंती बांगडी, असलंही काही नको. वन्यजीव कायदा फार कडक आहे.

यातून रोजची गंमत होते. भाव चढवायला माणसं म्हणतात, "शंभर वर्साचं हाय बगा, पणजीच्या येळचं." आम्ही म्हणतो, मग आम्हाला नाही घेता येणार. लगेच उत्तर येतं, "न्हाई न्हाई, सत्तर आसंल."

आता पैशाचं. भाडं अडीच हजार, वीज चारशे, पाळीनं दुकानात बसणाऱ्या बाईला दिवसाचे दीडशे, असे आठ दिवसांचे बाराशे. महिन्याचा खर्च एकेचाळीसशे. विक्री सरासरी साडेसहा हजारांची, त्यातले आमचे वीस टक्के म्हणजे तेराशे. महिन्याला अठ्ठावीसशे कमी पडतात, वर्षाला तेहतीस हजार सहाशे. नुसत्या विक्रीवर हे दुकान कधीच चालणार नाही, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं. शहरातल्या लोकांना जुन्याची आवड आहे हे खरं, पण ते आमच्या गल्लीत दर आठवड्याला थोडेच येतात?

वाट दाखवली एका लग्नानं. घाणा भरायचा होता आणि वरमाईला आख्ख्या आळीत उखळ-मुसळ मिळेना. जातं होतं, त्यावर गिझरचा खोका ठेवलेला. ती आमच्याकडं पळत आली, आम्ही दिलं, आणि मुसळाला हळद लागून परत आलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता लग्नाचा संच भाड्यानं देतो. उखळ-मुसळ, लहान जातं, सूप, दोन पाट, घंगाळ, दोन समया, पाच कळशा. भाडं आठशे, अनामत दोन हजार. गेल्या हंगामात तेवीस लग्नं झाली, अठरा हजार चारशे आले. जी वस्तू विकली की संपते ती भाड्यानं दिली की पुन्हा घरी येते, फक्त मोजून घ्यावी लागते. एकदा पाटाऐवजी दुसऱ्याच कुणाचा चौरंग आला, तो अजून पडून आहे. कुणाचा असेल तर घेऊन जा.

कल्हईवाल्यामुळंही दोन पैसे येतात. आमच्या भागात कल्हई करणारे आता बोटावर मोजण्याइतके राहिले. एक चाचा दोन महिन्यांनी येतात आणि वाड्याच्या अंगणात भाता लावून बसतात. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, कापसाच्या बोळ्यानं पुसायचं आणि पाण्यात बुडवायचं. तो चर्र आवाज आला की गल्लीतली सगळी पोरं हजर. पितळेच्या भांड्यात कल्हई नसताना ताक, कढी, चिंचेचं सार असलं आंबट करायचं नाही, धातू उतरतो आणि पोटाला बाधतो. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो, पितळी पातेलं शोभेला ठेवणार की स्वयंपाकाला ते विचारतो. चाचा भांड्यामागं दहा रुपये दुकानाला देतात. वर्षाचे छत्तीसशे होतात.

आता मागच्या सोप्याबद्दल, कारण खरं भांडण तिथं झालं.

सोप्यातून पैसा येत नव्हता. गुरुवारी दुपारी पंधरा-वीस बायका जमतात, जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवतात, म्हाताऱ्या ओव्या म्हणतात, पोरी ऐकून वहीत उतरवून घेतात. शाळेचे गुरुजी वर्ग घेऊन येतात. आमच्याकडं जुन्या मापांचा एक संच आहे, तो विकायचा नाही असं ठरलंय. पोरं ज्वारी भरून मोजतात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५८ पासून किलो आले आणि ही मापं कोनाड्यात गेली. पोरांना चिपटं म्हणताना हसू येतं. भिंतीवर त्यांनी काढलेली चित्रं लावतो. एका पोरीनं तिच्या आज्जीचं घोंगडं विणायचं माग काढलंय, वर चिंचोक्याच्या खळीचं भांडंसुद्धा. माणदेशात घोंगडं कुणाला नवीन नाही, पण माग बघितलेली पोरं आता किती असतील?

अशात एका धान्याच्या व्यापाऱ्यानं विचारलं, मागचा सोपा पोती ठेवायला द्या, महिना दीड हजार देतो. वर्षाचे अठरा हजार. घरबसल्या. बैठक तापली. ज्या म्हणत होत्या द्या, त्या काही कलेच्या वैरी नव्हत्या. त्यातल्या एकीनं स्वतः सोप्यात सहा वाकळा शिवल्यात. तिचं म्हणणं साधं होतं, तूट आहे, ती कोण भरणार? एक काकू म्हणाल्या, ओव्यांचं कौतुक आपल्यालाच, बाहेर कोण विचारतंय? त्यावर आमच्यातल्या एकीनं सांगितलं की हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, म्हणजे बाहेर विचारणारे होते, आपणच आपल्या आईला विचारलं नाही. काकूंना ते फारसं पटलं नाही. त्या म्हणाल्या, मग त्यांनाच सांगा भाडं भरायला.

शेवटी वही काढली. त्या वर्षी विक्रीला आलेल्या एक्केचाळीस वस्तू कुणाकडून आल्या ते एकेक बघितलं. एकोणतीस वस्तू सोप्यात येणाऱ्या बायकांनी आणलेल्या किंवा त्यांच्या शब्दावर आलेल्या. बरोबर आहे. माळ्यावरची कळशी बाई अनोळखी दुकानात आणत नाही. चार गुरुवार मांडीला मांडी लावून बसली, कुणाचं तोंड कसं आहे ते बघितलं, मग पाचव्या गुरुवारी पदराखाली काहीतरी येतं. पोती ठेवली असती तर अठरा हजार आले असते आणि पुढचं दुकान वाळलं असतं. हे आमचं मत. मतदान झालं, बावीस विरुद्ध सतरा, तिघी गैरहजर. सोपा राहिला. त्या सतरा जणी मात्र अजून अधूनमधून वही मागतात, आणि त्यांनी मागावीच.

त्यांच्या समाधानासाठी एक ठरलं, सोप्यात शिवलेली वाकळ विकली गेली की दीडशे रुपये दुकानाला. वर्षात चाळीस गेल्या, सहा हजार. उरलेल्या तुटीसाठी प्रत्येकीचे महिना दहा रुपये, त्याचे पाच हजार चाळीस. एवढं करून गेल्या वर्षी पाचशे साठ रुपये कमी पडले. ते कुणी घातले ते आम्ही विचारलं नाही, पण पेटीत आले.

मध्यंतरी आम्ही सगळ्या एसटीनं औंधला जाऊन आलो, नंतर पुण्याला. औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय बांधून केवढी चित्रं जपली! पाहून डोळे दिपले. पण पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आमच्या बायका हलेनात. केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते केलं, आणि गोळा काय केलं, तर दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी. घंगाळवाल्या आक्का काचेला नाक लावून उभ्या होत्या. परतीच्या गाडीत म्हणाल्या, "ह्या मानसानं बायकांच्या हातातलं उचललं बगा."

त्यांचं घंगाळ? आम्ही चौघी त्या हॉटेलात गेलो होतो. मालक सभ्य माणूस. म्हणाला, तेवढ्याच वजनाचं दुसरं आणून द्या, हे न्या. तसं दिलं. आक्कांनी ते घरी नेलं नाही. ते आता लग्नाच्या संचात आहे, काठावरच्या नावासकट, आणि हंगामात कुठल्या ना कुठल्या मांडवात असतं.

राहिली तिसरी वेळ. वाड्याच्या वारसांना जागा विकायची आहे. आमचा करार अकरा महिन्यांचा, तो दिवाळीला संपतो. त्यांचा काही दोष नाही, भाऊ वेगळे झाले की वाटण्या व्हायच्याच. ग्रामपंचायतीची एक जुनी खोली चावडीमागं बंद पडून आहे, पत्रा गळतो. ती मागायचा अर्ज आम्ही दिलाय आणि येत्या ग्रामसभेत तो विषय घ्या म्हणून सांगितलंय. ग्रामसभेला बायका किती येतात त्यावर बरंच ठरेल. तुम्ही आमच्या गावातल्या असाल तर या, बोलला नाहीत तरी चालेल, बसा. तुमच्या गावात अशी बंद खोली असेल तर तिची चावी कुणाकडं आहे ते आत्ताच विचारून ठेवा.

आणि हो, पुढच्या बाजाराच्या दिवशी कल्हईवाले चाचा येतायत. भांडी आदल्या संध्याकाळीच आणून द्या, सकाळी गर्दी होते. आणण्याआधी उलटी करून काठ बघा. नाव असेल तर ते कागदावर लिहून आणा, चिठ्ठी भांड्यात टाका, म्हणजे कुणाचं कुणाकडं जाणार नाही.